मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (१५ सप्टेंबर १८६० – एप्रिल १९६२) हे भारतीय स्थापत्य अभियंता व म्हैसूर संस्थानाचे दिवाण होते. त्यांच्या कारकिर्दीची पहिली सुमारे पंचवीस वर्षे मुंबई इलाख्यात गेली. खडकवासला धरणाच्या सांडव्यावरील स्वयंचलित दरवाजे ही या काळातील त्यांची महत्त्वाची कामगिरी होय.

शिक्षण व सेवा

त्यांचा जन्म कर्नाटकातील मुद्देनहळ्ळी येथे झाला. १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, धुळे व पुणे येथे त्यांनी काम केले. नीरा कालव्यावर पाण्याच्या वाटपासाठी त्यांनी गटपद्धत सुचवली.

खडकवासल्याचा सांडवा

सांडव्याच्या माथ्यावरून वाहणाऱ्या पाण्याची खोली माथ्यापासून थोडे मागे, संथ पाण्यात मोजतात. कारण माथ्याजवळ पाण्याची पातळी खाली झुकते. या खोलीवरून विसर्ग काढता येतो. खोली दुप्पट झाली, तर विसर्ग सुमारे पावणेतीनपट होतो. त्यामुळे सांडव्याची क्षमता अपुरी पडल्यास धरणालाच धोका उद्भवतो.

खडकवासल्यास पुराच्या वेळी सांडव्यावरून सहा ते आठ फूट खोलीचे पाणी वाहून जाई, तर उन्हाळ्यात साठा अपुरा पडे. सांडव्याचा माथा कायमचा उंचावला असता, तर पुराची पातळीही तेवढीच चढली असती. धरणाची उंची वाढवणे खर्चाचे होते. विश्वेश्वरय्या यांनी माथ्यावर समतोल वजनांच्या आधारे चालणारे दरवाजे बसवण्याची योजना आखली. पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढले की दरवाजे आपोआप उघडत व पातळी उतरली की बंद होत. १९०३ मध्ये बसवलेल्या या दरवाजांमुळे धरण न वाढवता पाणीसाठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी उंचावली आणि साठा सुमारे एक चतुर्थांशाने वाढला. पुढे ग्वाल्हेरजवळील तिगरा धरण व म्हैसूरमधील कृष्णराजसागर येथेही अशीच दरवाजे-योजना वापरण्यात आली.

उत्तरायुष्य

१९०८ मध्ये मुंबई सरकारच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबादसाठी पूरनियंत्रणाची योजना तयार केली. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले; १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी दिवाणपद सांभाळले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न पुरस्कार देण्यात आला. त्यांच्या हयातीतच, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेत धरण फुटून आलेल्या लोंढ्याने खडकवासला धरणही फुटले; नंतर ते पुन्हा बांधण्यात आले. विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून साजरा होतो.