नाईक यशवंत घाडगे : पळसगाव ते टायबरचे खोरे

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे हे व्हिक्टोरिया क्रॉस या त्या काळातील सर्वोच्च लष्करी सन्मानाचे मराठी मानकरी होत. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील पळसगाव-आमडोशी येथे 16 नोव्हेंबर 1921 रोजी त्यांचा जन्म झाला. बाळाजीराव व विठाबाई ही त्यांच्या माता-पित्यांची नावे. 5व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतून ते समुद्रापार गेले. पत्नी लक्ष्मीबाई गावी राहिल्या.

त्या काळी परदेशी गेलेला जवान आणि त्याचे घर यांना जोडणारा दुवा म्हणजे लष्करी टपाल. पत्त्यावर देशाचे वा गावाचे नाव नसे. जवानाचा क्रमांक, पलटण आणि लष्करी टपालाचा उल्लेख तेवढा असे. आपण कोठे लढत आहोत, हे लिहिण्यास मनाई होती आणि प्रत्येक पत्र तपासणी अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाई. अनेक जवान लिहिणे-वाचणे जाणत नसत. त्यांची पत्रे सोबती लिहून देत. गावात ती शिक्षक किंवा पोस्टमन वाचून दाखवीत. पगारातून घरी येणारी रक्कम हीदेखील माणूस सुखरूप असल्याची एक खूण मानली जाई.

10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्व जवान ठार वा जखमी झाले. घाडगे यांनी एकट्याने ठाण्यावर धाव घेतली. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन निकामी केली आणि टॉमीगनने एका शत्रुसैनिकास टिपले. काडतुसे पुन्हा भरण्यास अवधी नव्हता. तेव्हा बंदुकीच्या दस्त्याचे प्रहार करून त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. त्याच ठाण्यात शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून त्यांना वीरमरण आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे 22 वर्षांचे होते.

2 नोव्हेंबर 1944 रोजी सन्मान जाहीर झाला. 1945 मध्ये दिल्ली येथे व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते लक्ष्मीबाईंनी पदक स्वीकारले. ज्या भूमीवर पती पडला, तिचे नाव पत्रांतून कधी लिहिता येत नव्हते; सन्मानपत्रात मात्र ते सर्वांसाठी छापले गेले.

घाडगे यांची समाधी कोठेही नाही. कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे, तर माणगाव येथे त्यांचा पुतळा उभा आहे. 2023 मध्ये टायबरच्या खोऱ्यातील मोंतोने या गावानेही त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले.