माळ्यावरचा टेलिफोन आणि दिनकर केळकर

जुन्या शहरात, राजराजेश्वराच्या देवळापासून थोड्याच अंतरावर आमचे घर आहे. त्याच्या माळ्यावर लाकडी पेटीचा एक टेलिफोन पडून होता. तो आजोबांच्या कापसाच्या अडत दुकानातला. बाजूचा दांडा फिरवला की आतले लहानसे जनित्र वीज निर्माण करी व तारेच्या दुसऱ्या टोकाला घंटी वाजे. बारावीत असताना मी त्याच्या दोन्ही पितळी घंटा काढून भंगारात विकल्या. घरी कोणी रागावले नाही. त्या वस्तूची कोणालाच किंमत नव्हती.

पुढे सहलीत पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले, आणि त्या घंटा आठवून मन खजील झाले.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. चरितार्थाला चष्म्यांचे दुकान होते. इतिहासाच्या ओढीने त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा नाद लागला. परंतु त्यांची नजर केवळ ढाल-तलवारींवर थांबली नाही. अडकित्ते, दिवे, दौती, पाय घासण्याच्या वज्री, करंडे, कोरीव दरवाजे, वाद्ये, अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंसाठी ते देशभर हिंडले. पत्नी कमलाबाईंची त्यांना मोलाची साथ लाभली. सामान्य कारागिराने साध्या वस्तूतही सौंदर्य ओतले आहे, हे त्यांनी ओळखले होते.

त्यांचा मुलगा राजा सातव्या वर्षीच गेला. हे दुःख उराशी धरून बसण्याऐवजी त्यांनी आपला सारा संग्रह त्याच्या नावाने उभा केला. मुलाचे स्मारक म्हणून शेकडो अनाम कारागिरांची कला जपली गेली. वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात गेली. कोथरूडचा मस्तानी महालही त्यांनी तेथे पुन्हा उभारविला. एवढे धन विकून ते श्रीमंत झाले असते; पण १९७५ साली त्यांनी ते महाराष्ट्र शासनाच्या, म्हणजेच तुमच्या-आमच्या स्वाधीन केले. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १७ एप्रिल १९९० रोजी ते निवर्तले.

टेलिफोनचे पेटंट बेल यांना मिळाले १८७६ साली, आणि अवघ्या सहा वर्षांत, १८८२ मध्ये, मुंबईत टेलिफोन केंद्र सुरू झाले. त्या काळाचा एक धागा आमच्या माळ्यापर्यंत आला होता, आणि तो मी चार पैशांसाठी तोडला.

सहलीहून परतल्यावर मी ती पेटी खाली आणली, पुसली व बैठकीत भिंतीला लावली. घंटांच्या जागी नुसती भोके आहेत. ती मी मुद्दाम बुजविलेली नाहीत. मित्रहो, येत्या दिवाळीत माळा झाडाल तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, एवढेच सांगणे आहे.