६१७४ या संख्येचे शोधक : दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

विद्यार्थी मित्रांनो, पुढे वाचण्यापूर्वी कागद-पेन्सिल जवळ घ्या. चार अंकी कोणतीही एक संख्या लिहा. चारही अंक सारखे मात्र नसावेत. समजा, तुम्ही ३५२४ लिहिलीत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा : ५४३२. मग चढत्या क्रमाने मांडा : २३४५. मोठ्या संख्येतून लहान वजा करा, ३०८७ उरतात. याच रीतीने पुढे चला. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा. पुन्हा ६१७४च! दुसरी संख्या घेऊन पाहा. उत्तर तीन अंकी आल्यास शून्य जोडून चार अंक पुरे करा. फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही येथेच येऊन थांबाल.

हे गुपित १९४६ साली ज्यांना गवसले, ते कुणी विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. ते नाशिकजवळच्या देवळालीतील एक शाळाशिक्षक होते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी आईचे छत्र हरपले. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यातील आकडेमोडीतून मुलाला अंकांची गोडी लागली. शालेय शिक्षण ठाण्यात व उच्च शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली त्यांनी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळवले व १९२९ साली पदवी घेतली. पुढील पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी देवळालीत मुलांना शिकवले.

६१७४ चे आणखी एक वैशिष्ट्य पाहा. तिच्या अंकांची बेरीज १८ आणि १८ ने तिला नि:शेष भाग जातो. भागाकार येतो ३४३, म्हणजे ७ चा घन. स्वत:च्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. शिवाय १८, १८ चा वर्ग आणि १८ चा घन यांची बेरीज केली तरी ६१७४ च येते.

कापरेकरांनी आपला शोध १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. परंतु हा केवळ अंकांचा खेळ, असे समजून येथील अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे फारसे लक्ष दिले नाही. त्यांनी आपल्या पुस्तिका स्वत:च छापल्या. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. पण संख्यांचा ध्यास सुटला नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकन विज्ञान मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि हे नाव जगभर पोहोचले. तेव्हा ते सत्तरीत होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले. ६१७४ ला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

पालकहो, या शोधासाठी ना प्रयोगशाळा लागली, ना पैसा. प्राथमिक शाळेतील वजाबाकी पुरली. मात्र तिच्यामागे वर्षानुवर्षांची चिकाटी होती. आपले मूल वहीच्या शेवटच्या पानावर गृहपाठाबाहेरची गणिते मांडत बसले असेल, तर ते वेळ वाया घालवत आहे असे समजून त्याला उठवू नका. काय सापडले, एवढे मात्र जरूर विचारा.