मिरजेचे डॉक्टर वानलेस

याईराच्या मुलीला प्रभूने मरणातून उठविले आणि लागलीच तिला काही खावयास द्यावे असे घरच्यांस सांगितले. शुभवर्तमानातील पहिल्या गोष्टीने आपण विस्मित होतो. दुसरी सहसा ध्यानात येत नाही. परंतु प्राण परत आला म्हणजे काम संपले असे नव्हे, हा बोध त्या लहानशा आज्ञेत आहे. आपल्या महाराष्ट्रात हा बोध ज्यांच्या कार्यात दिसून आला, त्यांचे चरित्र आज मंडळ्यांपुढे ठेवितो.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडा देशात झाला. वैद्यकीचे शिक्षण पुरे करून ते १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने या देशी आले. १८९४ साली त्यांनी मिरज येथे रुग्णालय स्थापन केले. मिरज त्या वेळी पटवर्धनांचे संस्थान होते. शस्त्रक्रियेत त्यांचा हात कुशल असल्यामुळे दूर दूरचे रोगी मिरजेची वाट धरू लागले.

परंतु शस्त्रवैद्य कितीही निष्णात असला, तरी त्याचे काम घटकाभराचे असते. नंतरचे दिवस व रात्री रोग्याला इतरांच्या हाती काढाव्या लागतात. ते हात शिकलेले नसतील तर वैद्याचे श्रम फुकट जातात. म्हणूनच १८९७ साली मिरजेत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचे मोल मोठे आहे. ती शाळा मिशनने चालविलेली होती. एतद्देशीय तरुण तेथे शिकून तयार झाले.

महारोग्यांसाठी व क्षयरोग्यांसाठीही डॉक्टरसाहेबांनी आश्रयस्थाने उभी केली. क्षयावर गुणकारी औषध तेव्हा नव्हतेच. विश्रांती, स्वच्छ हवा, सकस अन्न आणि महिनोगणती धीराची शुश्रूषा हाच उपाय होता. वानलेसवाडी हे नाव त्या सेवेची आठवण देते. सरकारने १९२८ साली त्यांस सर ही पदवी दिली. १९३३ साली अमेरिकेत ते प्रभूमध्ये निजले.

वाचकहो, हा विषय जुना झालेला नाही. आज नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांतील अतिदक्षता विभागांतून कित्येक रोगी मरणाच्या दारातून परत येतात. पण घरी आल्यावर पुष्कळांचे हातपाय महिनोन्‌महिने अशक्त राहतात, भयंकर स्वप्ने पडतात, साध्या गोष्टी आठवत नाहीत. हालचालीवाचून पडून राहिल्याने स्नायू झिजतात. गुंगीची औषधे, निद्रानाश आणि स्वतः तो आजार यांनी मन भ्रमते. म्हणून अशा विभागांतील परिचारिकांस आता निराळे शिक्षण देतात: गुंगीचे औषध गरजेपेक्षा अधिक देऊ नये, रोग्याला शक्य तितक्या लवकर बसवावे व चालवावे, रात्री झोपू द्यावे, दिवस व ठिकाण सांगत राहावे, नातलगांस जवळ येऊ द्यावे.

पुढचे काम गावाचे आहे. घरभेटींत मी पाहिले आहे की, अशा माणसाला कोणी आळशी म्हणतात, तर कोणी बाहेरची बाधा समजून देवऋषी आणतात. उपदेशक बंधूंनो, हा आजाराचाच शेष आहे, हे घरच्यांस समजावून सांगा. त्याला रोज चार पावले अधिक चालवा, डॉक्टरांकडे पुन्हा न्या, त्याच्यापाशी बसून प्रार्थना करा. ज्याला प्रभूने उठविले, त्याला खावयास देणे आपल्याकडे आहे.