काठीत लपलेलं पातं: ‘गुप्ती’ हे नाव आलं कुठून, आणि जालन्याच्या समर्थांशी तिचं नातं काय?

गुप्ती म्हटलं की आठवतात त्या क्राइमच्या बातम्या. कुणीतरी गुप्तीने वार केला, कुणाला गुप्ती बाळगली म्हणून पोलिसांनी उचललं. पण महाराष्ट्रातली सगळ्यात प्रसिद्ध गुप्ती एका जप करणाऱ्या माणसाची आहे. आणि तो माणूस मूळचा जालना जिल्ह्यातला.

आधी नावाचं बघू. खिशातल्या चाकूचं पातं मुठीत दुमडतं, गुप्तीचं काठीत शिरतं. बाहेरून दिसते ती फक्त काठी, म्हणून गुप्ती. हा शब्द संस्कृतमधल्या ‘गुप्’ धातूवरून आलाय आणि त्याचे अर्थ दोन आहेत, लपवणं आणि रक्षण करणं. जैन धर्मात तर मन, वाणी आणि शरीर यांच्या संयमाला गुप्ती म्हणतात. तिथे शस्त्राचा संबंधच नाही.

आता तो माणूस. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावात १६०८ साली, रामनवमीला सूर्याजीपंत आणि राणूबाई ठोसर यांच्या घरी नारायण जन्मला. वडील लवकर गेले. बाराव्या वर्षी लग्न लागत होतं, भटजींनी ‘सावधान’ म्हटलं आणि पोरगं मांडवातून पळालं, अशी कथा सांगतात. पुढे नाशिकजवळच्या टाकळीत १२ वर्षं तप केलं आणि नारायणाचे रामदास झाले.

मग आणखी १२ वर्षं देशभर पायी भटकंती. काळ कसला, तर दख्खन १६३० च्या भीषण दुष्काळातून नुकतं बाहेर पडत होतं आणि मुघल-निजामशाहीच्या लढाया सुरूच होत्या. रस्ते जंगलातले, सोबत कुणी नाही. अशा माणसाच्या हातात काठी असणं साहजिक होतं.

समर्थांची कुबडी म्हणजे जपाला बसल्यावर हात टेकवायची आखूड काठी. तिच्याच पोटात गुप्ती बसवलेली होती. धातूचे दोन्ही अर्थ एकाच वस्तूत आले म्हणायचे.

पुढे ते कृष्णाकाठी आले, १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभं केलं. मधल्या काळात ते जांबला आईला भेटून आले, पण तोवर तिची दृष्टी गेली होती, असं परंपरा सांगते. शेवटची वर्षं साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर गेली आणि १६८२ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. गडावर त्यांच्या वापरातल्या वस्तूंमध्ये ती कुबडी आणि तिच्यातली गुप्ती आजही जपून ठेवलीये.