वसंतराव नाईक : बियाणं पोचलं, नियम मागे राहिले



१ जुलैला आपण कृषी दिन पाळतो. फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात. तो फोटो ज्यांचा, त्या वसंतराव नाईकांची गोष्ट आपल्याला संकरित बियाण्यापर्यंत माहीत आहे. त्या बियाण्यामागून फवाऱ्याचं औषध आलं आणि औषधामागून कायदाही आला. ही पुढची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात गहुली इथे, बंजारा समाजातल्या शेतकरी घरात झाला. वडील फुलसिंग नाईक. शिक्षणासाठी ते नागपूरला गेले आणि १९४० साली वकील झाले. आधी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली आणि नंतर पुसदला त्यांनी वकिली केली. १९४१ मध्ये वत्सला घाटे यांच्याशी त्यांचं आंतरजातीय लग्न झालं. १९४६ ला ते पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ ला आमदार आणि १९५७ ला त्या वेळच्या मुंबई राज्याचे कृषिमंत्री.

ते कृषिमंत्री असताना, १९५८ साली, केरळात भयंकर प्रकार घडला. जहाजात पॅराथिऑन हे कीटकनाशक गव्हाच्या पिठात मिसळलं आणि ते पीठ खाऊन शंभरावर माणसं दगावली. चौकशी झाली. अखेर २ सप्टेंबर १९६८ रोजी संसदेचा कीटकनाशक कायदा झाला. नियम १९७१ मध्ये आले.

तोवर, ५ डिसेंबर १९६३ पासून, वसंतराव मुख्यमंत्री होते. धान्याची टंचाई होती. १९६५ मध्ये त्यांनी राज्य स्वयंपूर्ण करण्यासाठी जाहीर सभेत जीव पणाला लावला. संकरित ज्वारी गावोगाव गेली. पण तिच्यावर खोडमाशी पडायची, म्हणून औषध आलं, पंप आला. १९७२ च्या दुष्काळात आपला जिल्हा होरपळला, तेव्हा त्यांच्याच सरकारनं रोजगार हमीची कामं काढली. त्याच वर्षी परभणीचं कृषी विद्यापीठ सुरू झालं. आज त्याला त्यांचंच नाव आहे. फेब्रुवारी १९७५ मध्ये ते पायउतार झाले, १९७७ ला वाशीमचे खासदार झाले आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूरला वारले.

कायदा केंद्राचा, अंमल मात्र राज्याच्या कृषी खात्याकडे. विक्रेत्याला परवाना आला, निरीक्षक आले. पण बियाणं जसं बांधापर्यंत पोचलं, तसे नियम पोचले नाहीत. त्याची किंमत २०१७ च्या खरिपात वसंतरावांच्याच यवतमाळ जिल्ह्यानं मोजली. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, उकाडा, दोन-तीन औषधं एकत्र केलेली, अंगावर नुसता सदरा. वीसपेक्षा जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यात रोजानं फवारणारे मजूरही होते.

आपल्याकडे सोयाबीन, तूर, द्राक्ष, सगळीकडे फवारा आहे. ड्रोननं फवारायचं तर प्रशिक्षण घेतलेला, प्रमाणपत्र असलेला चालक लागतो. पाठीवरच्या पंपाला मात्र कसलंच प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून तिथली जबाबदारी तुमची जास्त. मजूर लावला असेल तर त्याच्या जिवाचीही.

बाटलीवरचा त्रिकोण आधी बघा. लाल म्हणजे अति जहाल, त्यावर कवटीचं चित्र असतं. पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा दिसला म्हणून ते पाणी समजू नका, तेही विषच. आतलं माहितीपत्रक फेकू नका. विषबाधेची लक्षणं, पहिला उपचार आणि उतारा त्यातच छापलेला असतो.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा आणि पायात गमबूट हवेत. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकू नका. मध्येच विडी-तंबाखू नको. काम झालं की साबणानं अंघोळ करा आणि कपडे वेगळे धुवा. रिकामी बाटली घरात वापरू नका, विहिरीत-ओढ्यात टाकू नका. नियम ती फोडून वस्तीपासून लांब पुरायला सांगतो. पक्की पावती घ्या, तिच्यावर बॅच नंबर आहे का बघा. मळमळ, घाम, डोळ्यापुढं अंधारी आली तर फवारणी तिथंच थांबवा, औषध लागलेले कपडे काढा, अंग धुवा आणि बाटलीचं लेबल घेऊनच दवाखाना गाठा.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी यांनाही एक सांगणं. कायद्याच्या २६ व्या कलमात विषबाधेची खबर देण्याची तरतूद आहे. गावात कुणाला बाधा झाली तर ती झाकू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्राला आणि तालुका कृषी अधिकाऱ्याला कळवा. वेळेत कळलं तर पुढची माणसं वाचतात.

आपण फवाऱ्याला औषध म्हणतो आणि या शब्दानंच घात केला आहे. ते पिकाला औषध आहे, माणसाला विष. येत्या कृषी दिनी गावात हार-तुरे जरूर करा. पण त्याच सभेत प्रत्येक फवारणाऱ्याच्या हातात मोज्यांचा जोडही द्या.