रेव्हरंड ना. वा. टिळक : शंकेतून चिंतनाकडे

१. प्रस्तावना

मागील घटकात आपण आधुनिक मराठी कवितेच्या प्रारंभकाळाचा परिचय करून घेतला. फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जाणारे नारायण वामन टिळक (1861–1919) हे याच काळातील कवी. शंका ही श्रद्धेची वैरीण असते, असे सामान्यतः मानले जाते. टिळकांच्या जीवनात मात्र शंकेनेच श्रद्धेची वाट मोकळी केली. ती कशी, हे या घटकात पाहू.

२. शोधाचा काळ

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आईकडून त्यांना भक्तीचा आणि काव्याचा वारसा मिळाला. बालपणीच ते तिला अंतरले. पुढे नाशिकला त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. शास्त्राध्ययनाने त्यांची बुद्धी तीक्ष्ण झाली आणि परंपरेने दिलेली उत्तरे तिला पुरेनाशी झाली. जातिभेद त्यांना असह्य वाटे. नोकऱ्या बदलत, गावे पालटत ते भटकत राहिले.

1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. वाचण्याचे वचन दिले होते, म्हणून त्यांनी ती उघडली. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. वादात जिंकणारे पांडित्य येथे निरुपयोगी होते. शत्रूवरही प्रेम करायला सांगणाऱ्या त्या शिकवणीने ते विस्मित झाले.

३. निर्णयाची किंमत

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाने कुटुंब दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा दत्तू यांच्यापासून त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे पतिपत्नी एकत्र आली, तरी लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले ते पतीच्या आग्रहाने नव्हे. जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःशी विचार केला आणि मगच निर्णय घेतला. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात हा प्रवास विनोदबुद्धीने, पण दुःख न लपवता आला आहे.

४. चिंतन आणि काव्य

बाप्तिस्म्यानंतरही टिळकांचे प्रश्न थांबले नाहीत. त्यांची दिशा बदलली. येशू पौर्वात्य असताना त्याची उपासना पाश्चात्त्य वेशातच का व्हावी, असा त्यांचा सवाल होता. याचे उत्तर त्यांना अभंग, ओवी आणि कीर्तन यांत मिळाले. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. मागणे मांडणारी प्रार्थना निराळी आणि इष्टाच्या सन्निध निःशब्द राहणारी प्रार्थना निराळी. टिळकांची भजने या दुसऱ्या प्रार्थनेकडे झुकतात. ख्रिस्त त्यांना गुरू वाटतो, माउलीही वाटतो. फूल किंवा मूल पाहून थक्क होणारी त्यांची कविवृत्तीच येथे उपासनेचे रूप घेते. ज्याचा पूर्ण उलगडा होत नाही, त्याच्यापुढे ती वाद घालत नाही. तेथे ती स्थिरावते.

५. अखेरचे पर्व

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी दीर्घकाळ काम केले. 1917 मध्ये मिशनच्या वेतनाचा आधार त्यांनी सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तेथे स्थान होते. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले.

६. समारोप

शंकेने टिळकांना उसन्या उत्तरांपासून सोडवले, विस्मयाने नम्र केले आणि चिंतनाने त्या दोहोंना भक्तीत मुरवले. केवळ शंका असती तर ते वादपटू राहिले असते. केवळ विस्मय असता तर निसर्गकवी. दोन्ही एकत्र आल्यामुळे मराठी भक्तिकाव्याला एक नवा प्रवाह मिळाला.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. टिळकांच्या जीवनात बाप्तिस्म्यापूर्वीची आणि नंतरची शंका यांत कोणता फरक दिसतो?
२. लक्ष्मीबाईंचा श्रद्धेकडील प्रवास टिळकांच्या प्रवासाहून वेगळा कसा ठरतो, ते स्पष्ट करा.